राजेश्वरीच्या छातीतली नऊ वर्षं

मी एक इम्प्लांट बोलतोय. होय, तोच. ज्याचं नाव घेण्याआधी लोक दाराकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन. सध्या माझा मुक्काम सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या तपासणी विभागात, फॉर्मलिनच्या बरणीत आहे. बरणीवर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर माझ्या मालकिणीचं नाव, राजेश्वरी, वय चोपन्न. आवाज खाली आणायची सवय मला कधीच नव्हती. तेव्हा तुम्हीही संकोच बाजूला ठेवून ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आधी सिलिकॉनचं पातळ कवच तयार केलं, त्यावर मिठाचे बारीक कण दाबले, कवच घट्ट झाल्यावर ते मीठ धुऊन टाकलं. मिठाच्या जागी खड्डे राहिले आणि माझी कातडी खरखरीत झाली. मग पोटात जेल भरलं, नंबर दिला आणि खोक्यात बंद केलं. शेजारच्या रांगेत गुळगुळीत कातडीचे भाऊबंद होते. त्यांना मी नाकं मुरडायचो. ते आत गेल्यावर सरकतात, फिरतात. मी मात्र जिथं बसेन तिथं घट्ट. माझ्या खरखरीत कातडीचा मला फार अभिमान होता. हे लक्षात ठेवा, कारण हा अभिमान पुढं माझ्याच अंगाशी आला.

खोक्यातून मी पुण्याला आलो, आणि २०१६ साली राजेश्वरीच्या डाव्या छातीत.

राजेश्वरी सोलापुरात बाळीवेशीतल्या एका बोळात ब्लाउज शिवते. खाली दुकान, वर घर. मंद्रूप, अक्कलकोटपासून बायका तिच्याकडे कापड घेऊन येतात. पंचेचाळिशीत तिला स्तनाचा कॅन्सर झाला. डावा स्तन पूर्ण काढावा लागला, केमोची सगळी इंजेक्शनं झाली, डोक्यावर केस राहिले नाहीत. ते सगळं तिनं निभावलं. पण केस परत आल्यावर ती पुण्याच्या डॉक्टरांपुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "मी दुसऱ्यांची मापं घेती. माझ्याच ब्लाउजात चिंधी कोंबून बसू व्हय?" डॉक्टर हसले, आणि माझं खोकं उघडलं गेलं.

मी आत बसलो हे तिच्याशिवाय एकालाच माहीत होतं, तिच्या नवऱ्याला, प्रभूला. तो हार्डवेअरच्या दुकानात नोकरी करतो आणि स्क्रूसुद्धा विचारल्याशिवाय दाखवत नाही, इतका कमी बोलतो. मुलगी दाक्षायणी तेव्हा नववीत होती. आईचं पुण्याला आणखी एक ऑपरेशन झालं एवढंच तिला सांगितलेलं. सासर, माहेर, गिऱ्हाइकं यांना तर तेवढंही नाही.

ती नऊ वर्षं माझी सुखाची. शरीराची एक रीत असते. बाहेरचं काही आत आलं की ते त्याच्याभोवती स्वतःच्या मांसाची एक खोळ विणतं. तशी खोळ माझ्याभोवतीही तयार झाली. त्या खोळीत बसून मी पायाखाली चालणारं शिलाई मशीन ऐकायचो. छातीत राहणाऱ्याला सगळं ऐकू येतं. माप घेताना प्रत्येक बाई श्वास आत ओढते, आणि ब्लाउज घट्ट झाला की टेलरला बोल लावते. राजेश्वरीला हे पक्कं ठाऊक होतं. ती टेप लावून गिऱ्हाइकाला म्हणायची, "वैनी, घरात सासूबाई कशा हायत?" बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची, श्वास सुटायचा आणि खरं माप मिळायचं. मी आतल्या आत हसायचो. अशा हुशार बाईच्या छातीत राहतो म्हणून माझीही छाती फुगायची.

पुढं खरोखरच फुगली. आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या आणि खोळीच्या मधल्या सांदीत पाणी साचायला लागलं. आधी ओलसरपणा, मग घोटभर, मग वाटीभर. राजेश्वरीचा डावीकडचा ब्लाउज तटतटला. आता कुणीही दुसरी बाई असती तर आरशापुढं उभी राहिली असती. पण ही टेलर. शिवताना कापडाच्या आत चार बोटं जास्तीचं ठेवतात, पुढंमागं सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. राजेश्वरीनं डावी शिवण उसवली, थोडी माया सोडली आणि पुन्हा टीप मारली. "धुऊन कापड आटलं असंल," असं स्वतःशीच म्हणाली.

महिन्याभरानं तिनं दुसऱ्यांदा उसवलं. तेव्हा म्हणाली, "थंडीचं खाऊन सुटले मी." तिसऱ्यांदा उसवायला गेली तर आत माया उरलीच नव्हती. मग तिनं काय केलं असेल? नवीन ब्लाउज बेतला, आणि डावी कटोरी मुद्दामच मोठी कापली.

मला तिचा राग आला. लई राग आला. जिच्या नजरेतून दुसरीच्या खांद्याचा पाव इंचाचा फरक सुटत नाही, तिला स्वतःच्या छातीचा कळत नव्हता? कळत होता. दुसऱ्या खेपेलाच कळला होता. पण तिनं मनाशी एक गाठ मारून ठेवली होती: पुन्हा केमो घ्यायची नाही. ते उलट्यांचे दिवस, तोंडातले फोड, मशीनवर न चालणारे पाय पुन्हा नकोत. तपासायला गेलं की कॅन्सर निघणार, कॅन्सर निघाला की केमो आली. म्हणून तपासायचंच नाही. शिवण उसवणं त्यापेक्षा सोपं होतं.

जानेवारीत ठणका लागला तेव्हा ती पेठेतल्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. माणूस चांगला, हात हलका. तिनं सांगितलं, "जुन्या ऑपरेशनच्या जागी सुजलंय." माझं नाव काढलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. सुई घातली, पिवळसर पाणी ओढलं आणि म्हणाले, "व्रणाच्या जागी होतं कधी कधी पाणी. गोळ्या घ्या." आणि ते पाणी त्यांनी बेसिनमध्ये ओतलं. मी आतून ओरडत होतो, अहो, ते टाकू नका, त्यातच सगळं आहे! पण माझा आवाज त्या बेसिनपर्यंत कसा जाणार? नळ सुटला, पाणी वाहून गेलं. राजेश्वरी हलकी होऊन घरी आली, आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा पाण्यात पोहायला लागलो.

फेब्रुवारीत अक्कलकोटला तिच्या भाच्याचं लग्न निघालं. दाक्षायणी आता चोवीस वर्षांची, बँकेत नोकरीला. आईचा नवा ब्लाउज इस्त्री करताना तिनं तो उलटा केला आणि थांबली.

"अव्वा, हा तूच शिवलास ना? मग डावी कटोरी मोठी का?"

"कापड तिरकं गेलं असंल."

"तुझ्याकडनं? मी जन्मल्यापासनं तुझं कापड कधी तिरकं गेलेलं बघितलं न्हाय."

 दाक्षायणीनं खुंटीवरची टेप काढली. "हात वर कर." आईनं श्वास आत ओढला. मुलगी त्याच दुकानात वाढलेली. ती शांतपणे म्हणाली, "लग्नात जेवायला काय हाय गं?" आईच्या तोंडून "गव्हाची हुग्गी" एवढं बाहेर पडलं आणि टेप बरोबर बसली. उजवीकडे नऊ इंच, डावीकडे साडेदहा.

तेव्हा राजेश्वरी मशीनच्या स्टुलावर बसली. "तितं माझं काय न्हाय गं दाक्षी. तितं सिलिकॉनचं बसवलंय. तू नववीत होतीस."

दाक्षायणीच्या हातातली टेप खाली लोंबत राहिली. "नऊ वर्षं? आणि ही सूज कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. पण सांगून ठेवती, पुन्यांदा केमो घेणार न्हाय मी. मेले तरी चालंल."

"मरायचं का न्हाय ते नंतर ठरव," दाक्षायणी म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "आधी उद्या सकाळी नऊला तयार ऱ्हा."

ही पोरगी मला त्या क्षणी फार आवडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅन्सरचे सर्जन डॉ. नंदीश यांच्यापुढं बसलो. त्यांनी व्रण पाहिला, दोन्ही बाजू पाहिल्या, काखेत गाठी चाचपल्या आणि सरळ विचारलं, "आत इम्प्लांट आहे का?"   दाक्षायणीनं आईकडे पाहिलं. मी धडधडत होतो, म्हणजे मालकिणीचंच काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"हाय," राजेश्वरी म्हणाली. नऊ वर्षांत सोलापुरातल्या डॉक्टरपुढं माझं नाव पहिल्यांदा निघालं.

"आधी पाणी काढलं होतं? ते कुठं गेलं?"

"बेसिनमधी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, रागावलेही नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "ताई, इम्प्लांट बसवून इतकी वर्षं झाल्यावर त्याच्याभोवती अचानक पाणी झालं, तर ते फेकायचं नसतं. बहुतेक वेळा साधं कारण निघतं. पण क्वचित त्यात लिम्फोमा असतो, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मी वाचलंय पुष्कळ, पेशंट आजवर पाहिलेला नाही. पण काय करायचं ते मला नीट माहीत आहे. इम्प्लांटचं कार्ड आहे का?"

माझं कार्ड! माझा नंबर, माझी जात, माझं गाव, सगळं त्यावर. पुण्याहून निघताना ते तिच्या हातात दिलं होतं आणि जपून ठेवा म्हणून बजावलं होतं. त्या दिवशी कपाटं उपसली, ट्रंका उघडल्या. शेवटी मितभाषी प्रभूनं हुकांचा डबा आणून पुढं ठेवला. त्यात एक जाड पुठ्ठा होता, त्याला हातशिलाईचा गुलाबी दोरा गुंडाळलेला. दोरा सोडला तर ते माझंच कार्ड. राजेश्वरीला दोरा गुंडाळायला पुठ्ठा बरा वाटला होता! दाक्षायणीनं हसू दाबलं, मग तिला रडू आलं, मग आई आणि मुलगी दोघी हसल्या.

कार्डावर लिहिलं होतं, खरखरीत पृष्ठभाग. डॉ. नंदीश यांनी ते वाचून मान हलवली. "हा आजार याच जातीच्या इम्प्लांटशी जोडलेला दिसतो. गुळगुळीत असता तर मी थोडा निर्धास्त झालो असतो."

आणि माझा अभिमान तिथंच गळून पडला. जन्मभर ज्या कातडीचं कौतुक सांगत आलो, तीच संशयित. गुळगुळीत भाऊबंदांना नाकं मुरडली होती मी. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे खरं. मला बनवणाऱ्यांनाही तेव्हा पुरतं ठाऊक नसावं. पण ज्या बाईनं मला आसरा दिला तिच्या घरात माझ्यामुळं आग लागली असेल, तर मला तिथं राहायचा काय हक्क? मला लाज वाटली. मनापासून वाटली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, मला धक्का न लावता, त्यांनी सुईनं पाणी ओढलं. चांगलं पेलाभर निघालं. नर्सनं ट्रे उचलला तशी राजेश्वरी एकदम म्हणाली, "अवो, ते टाकू नका की!" डॉक्टर म्हणाले, "टाकत नाही ताई. मी स्वतः घेऊन जातो." आणि बाटली हातात धरून ते तपासणी विभागात गेले. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: इम्प्लांट आहे, सीडी थर्टी तपासा.

ते लिहिलं नसतं तर काय झालं असतं, ते मला इथं बरणीत आल्यावर कळलं. तपासणी विभागाच्या डॉ. प्रियंका शिकाऊ डॉक्टरांना सांगत होत्या की पाण्यात नुसत्या सुजेच्याही पेशी असतात. वरवर पाहिलं तर या दांडग्या पेशी त्यांच्यात लपून जातात. सीडी थर्टी ही त्या पेशींच्या अंगावरची खूण. तिच्यासाठी वेगळा रंग घालावा लागतो. विचारलं नाही तर तो कुणी घालत नाही. त्यांनी घातला, आणि पेशी तपकिरी रंगात उठून दिसल्या. दुसरी एक खूण, एएलके, नव्हती. दोन्ही मिळून आजाराचं नाव पक्कं झालं.

रिपोर्टला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत राजेश्वरीनं लग्नसराईचे सगळे ब्लाउज शिवून गिऱ्हाइकांना परत केले, अगदी पुढच्या महिन्याचेसुद्धा. दुकान रिकामं करत होती ती. मला कळत होतं.

"कॅन्सर आहे," डॉ. नंदीश म्हणाले.

"जुनाच परत आला?"

"नाही. तो गेलाय. हा वेगळा, इम्प्लांटभोवतीच्या खोळीत होणारा. उशिरा सापडला तर अंगात पसरतो."

"मग केमो?" राजेश्वरी उठायच्या बेतात होती. पदर सारखा करून झाला होता.

"बसा. आधी स्कॅन करू. आजार खोळीच्या आतच असेल, तर इम्प्लांट आणि खोळ न फोडता एकत्र काढायची. बहुतेकांना त्यानंतर केमो लागतच नाही."

"बहुतेक म्हंजे?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक. मी खोटं सांगणार नाही. स्कॅन आल्यावर पक्कं सांगतो."

राजेश्वरी पुन्हा खुर्चीत टेकली. मला वाटतं, त्या "खोटं सांगणार नाही"वर तिचा विश्वास बसला.

स्कॅनच्या खोलीत आणखी एक खोळंबा झाला. तिच्या गळ्यातलं लिंगायतांचं इष्टलिंग चांदीच्या डबीत, नेमकं छातीवर. तंत्रज्ञ म्हणाला, धातू काढा. ती म्हणाली, "लिंग अंगावरनं उतरत न्हाय. तुमी स्कॅन राहू द्या." तंत्रज्ञ जवळच्या मंगळवार पेठेतलाच, ही रीत जाणणारा निघाला. त्यानं भांडण घातलं नाही. डबी तेवढी प्रभूकडे द्यायला लावली, लिंग पांढऱ्या कापडात बांधून तिच्या मनगटाला बांधलं आणि यंत्र सुरू केलं. गावातलं माणूस असण्याचा एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा.

स्कॅनमध्ये आजार खोळीबाहेर कुठं दिसला नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून सैल बसायचा प्रयत्न केला, जमला नाही. मी घट्ट बसण्यासाठीच बनलेलो. पण डॉ. नंदीश यांचे हात चिवट. बरगड्यांवरून खोळ सोडवताना त्यांनी घाई केली नाही, आणि अडीच तासांनी मला खोळीसकट अखंड उचललं. बाहेर दिवे लख्ख होते. एवढा उजेड मी कारखान्यानंतर प्रथमच पाहिला.

इथं डॉ. प्रियंका यांनी खोळीचे जागोजागचे तुकडे काढून तपासले. पाण्यात आणि खोळीच्या अगदी आतल्या थरावर त्या पेशी होत्या. त्यापलीकडे एकही नाही. कडा स्वच्छ. केमोची गरज नाही. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं, एवढंच. निष्काळजीपणा करायचा नाही, कारण आजार परत डोकं वर काढू शकतो. पण आज तो तिच्या अंगात दिसत नाही. ही बातमी त्या फोनवर सांगत होत्या, ती मी ऐकली.  पलीकडून दाक्षायणी म्हणाली, "मॅडम, अव्वाला जरा पाणी देते, मग बोलते."

माझी एक विनंती आहे, ती आता सांगून टाकतो, कारण उद्या वेळ मिळणार नाही. ज्यांच्या अंगात माझ्यासारखा कुणी आहे, त्यांनी घाबरून तो काढून घ्यायला धावू नये. हा आजार फार थोड्यांना होतो. पण सूज आली, गाठ लागली, एका बाजूचा आकार बदलला, तर डॉक्टरांना आमचं नाव सांगा. लाजून लपवू नका. आणि डॉक्टरहो, विचारा. विचारायला काय जातं?

आज दुपारी राजेश्वरी तपासणीला आली होती. सोबत दाक्षायणी. ऊन मी म्हणत होतं, दोघींनी डोक्यावर पदर-ओढणी घेतलेली. साडीखाली डावी बाजू सपाट होती. नवं काही बसवायचं का, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरांनीही घाई केलेली नाही. डॉ. प्रियंका यांनी विचारलं, "बघायचाय का तुम्हाला?" ती हो म्हणाली. बरणी टेबलावर आली.

मी शक्य तेवढा नीट दिसायचा प्रयत्न केला. नऊ वर्षं काळजाला काळीज लावून राहिलो होतो, पण तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. तिनं चष्मा पुसला, वाकली आणि निरखून पाहिलं.

"एवढाच व्हय?" ती म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"आता याचं काय करणार?"

"काम झालं आमचं. उद्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून भट्टीत."

राजेश्वरीनं बरणीच्या काचेवर दोन बोटं टेकवली.  "लई साथ दिलीस बाबा," ती हळूच म्हणाली. "जा आता." मग तिनं डोळे पुसले, पदर खांद्यावर घेतला आणि मुलीला म्हणाली, "चल दाक्षी, भूक लागली मला. लई लागली."

दोघी बाहेर पडल्या. जिना उतरताना कुठं जेवायचं यावरून त्यांचं भांडण सुरू झालं होतं. राजेश्वरीचा आवाज चांगलाच चढला होता. तो अगदी खालच्या मजल्यापर्यंत मला ऐकू येत होता.